लग्न नंतर करू

माझ्या आईचं आणि बापाचं लग्न झालेलं नाही, ही गोष्ट बारावीपर्यंत मला कधी मोठी वाटलीच नाही. रानशेतच्या पुढं डांबरी सडक संपते, तिथून आत आमचा वारल्यांचा पाडा. पाड्यावरच्या निम्म्या घरांत तसंच होतं. बाप आईला घरी घेऊन आला तेव्हा म्हणाला होता, "लगीन नंतर करू." लग्न म्हणजे मुलीच्या बापाला देज द्यायचं, सगळ्या पाड्याला जेवण आणि ताडी द्यायची, मांडव, लुगडी, वाजंत्री. एवढं एकदम कुणाकडे असतं? मग बाई नांदायला येते, मुलं होतात, मुलं शाळेत जातात, आणि कधीतरी हातात चार पैसे आले की लग्न लागतं. कुणाकुणाच्या पोराच्या मांडवात आधी आईबापाचं लग्न लागतं आणि मग पोराचं. मुंडावळ्या बांधलेल्या आजोबांच्या मांडीवर बसायला नातू रडतोय, असं लग्न मी स्वतः पाहिलंय. त्यात कुणी कुणाला नावं ठेवत नाही.

लाज मला डहाणूच्या कॉलेजानं शिकवली. ती अभ्यासक्रमात नव्हती. किनाऱ्याकडच्या वाडीवाल्यांची एक मुलगी माझ्याशेजारी बसायची, मनानं चांगली होती. एकदा तिनं सहज विचारलं, "तुझ्या आईबाबांच्या लग्नाचा अल्बम दाखव ना गं." मी म्हटलं, पावसात भिजला. त्यानंतर बरेच महिने मला तो भिजलेला अल्बम खराच असल्यासारखा आठवायचा.

पण पाड्यावरही एक गोष्ट होती जिथं सगळे कडक होते. ती म्हणजे चौक.

आमच्या बाजूला लग्नघरी आतल्या भिंतीवर चौक काढतात. भिंत शेणानं सारवायची, वर गेरू द्यायचा, आणि तांदळाच्या पिठानं बायकांनी चौक भरायचा. मधोमध पालघट देवी. चौक झाला की त्यावर कापड टाकतात. मग धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी आणि लग्न लावणारी बाई, गाण्यातून देवीला बोलावते. नवरानवरी भिंतीसमोर बसलेली असतात. गाणं पुरं झालं की कापड काढायचं. तोवर लग्न लागलं असं कुणी म्हणत नाही. आणि हा चौक काढायचा फक्त सवासणींनी. सवासीण कोण? जिचं स्वतःचं लग्न असं भिंतीसमोर लागलंय आणि जिचा नवरा जिवंत आहे, ती.

पीठ मात्र कुणीही वाटावं. माझ्या आईसारखं पीठ पाड्यात कुणी वाटत नसे. भिजवलेले तांदूळ ती पाट्यावर असे वाटायची की काडीनं ओढलेली रेघ सुकल्यावरही तडकत नसे. लग्न ठरलं की घरचे लोक धवलेरीच्या आधी आईला सांगून जायचे. आई पीठ वाटायची, वाडगा घेऊन उंबऱ्यापर्यंत जायची, आतल्या बाईच्या हातात द्यायची आणि अंगणात येऊन बसायची. आत बायका चौक भरत असायच्या, हसणं ऐकू यायचं. लहानपणी मला वाटायचं, आईला अंगण आवडतं.

आईचा हात मला कळला तो वाडीवर. डहाणूच्या किनाऱ्याला चिकूच्या वाड्या आहेत, तिथं ती फळं उतरवायला जायची. एकदा पावसानं काम अडलं तेव्हा शेडमध्ये बसून तिनं ओल्या कोळशानं जुन्या पोत्यावर काहीतरी काढलं. वाडीवाल्या बाईंनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कापड आणून दिलं. त्या बाईंच्या दिवाणखान्यात ते अजून लावलेलं आहे. तिथून डहाणू रोडच्या एका दुकानात, मग हायवेच्या एका रिसॉर्टमध्ये. कापडावरचे चौक विकले जाऊ लागले. बाप खडीच्या मशीनवर कामाला होता. त्याच्या छातीत धूळ बसली आणि काम सुटलं, तेव्हा घर या कापडांवर चाललं.

दुकानात तिला कुणी विचारलं नाही, बाई, तुझं लग्न झालंय का. तिनं स्वतःच एक नेम केला होता. विकायच्या चौकात ती देवी काढत नसे. कडेनं सगळं असायचं, झाडं, पाखरं, एका कोपऱ्यात पिल्लांना घेऊन चाललेली कोंबडी, जी दुसरं कुणी काढत नव्हतं. पण मधली जागा रिकामी. "माझा हक्क नाय तिथं," एवढंच म्हणायची. गिऱ्हाइकांना ते फारच आवडायचं. दुकानदार तर खूश होता. म्हणायचा, "बेस्ट आहे मावशी, मधे नवरा-नवरीचं नाव टाकता येतं." माझं बी.ए. त्या रिकाम्या जागांवर झालं.

बी.ए. होऊन मी तलासरीकडे एका कंपनीत पॅकिंगला लागले. कुणी हसू नये, तिथं एम.ए. झालेलीही एक आहे. कंपनीच्या गाडीत मला माझा माणूस भेटला. तो आशागडचा, आमच्याच जातीचा, त्याच कंपनीत इलेक्ट्रिशियन. त्यानं गाडीत माझ्यासाठी जागा धरायला सुरुवात केली आणि दोन्ही घरांना कळायच्या आत सगळ्या गाडीला कळलं. घरच्यांनीही फार ताणलं नाही. वैशाखात लग्न ठरलं.

त्याची आई हौशी बाई. आशागड डहाणू रोड स्टेशनापासून जवळ, तिथं सगळं शहरासारखं करायची पद्धत पडलीय. तिला डहाणू रोडचा हॉल हवा होता, डीजे हवा होता, आणि चौकही हवा होता, फोटोसाठी. बोलणी करायला आली तेव्हा म्हणाली, "पेंटर सांगू या. ॲक्रिलिकमध्ये काढून देतो, पुसायचं टेन्शन नाही." मला राग आला. मी म्हटलं, "पेंटर कशाला? आमच्या भिंतीवर माझी आई काढेल."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. बोलल्यावर मला आठवलं की आईला तो काढता येणार नाही. पलीकडे आई तांदूळ निवडत बसली होती, तिचे हात थांबले. पाहुणे गेल्यावर तिनं मला विचारलं, "मी काढीन?" मी कधी तिला असं विचारताना पाहिलं नव्हतं. वाडीवर सुट्टी मागतानाही तिचा आवाज एवढा खाली जात नसे.

त्या दिवसापासून तिनं एकच धरलं. पोरीच्या लग्नाआधी आपलं लग्न लागलं पाहिजे. ती बापाला म्हणाली, "आता करून टाकू." बाप खाटेवर पडल्यापडल्या हसला. "आता? आता करायचं तर मग जरा दुसरी बघू दे." आईनं त्याला हातातला पंखा मारला. हसता हसता त्याला खोकला लागला आणि तो लवकर थांबेना. आम्ही दोघी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसलो. होळीनंतर त्याचा श्वास रोज थोडा आखूड होत चालला होता, हे मला दिसत होतं आणि मी ते कुणाला बोलत नव्हते. तो गेला तर आई कधीच सवासीण होणार नव्हती. वैशाख तोंडावर होता.

नेमकं तेव्हाच मला कळलं की तलासरीकडे एक संस्था सामुदायिक विवाह लावतेय. साडी, मंगळसूत्र, भांडी, जेवण, दाखला, सगळं त्यांचं. मला वाटलं, देवच पावला. मी आईला न विचारताच दोघांची नावं दिली. घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तिथं चौक असतो?" मी म्हटलं, "असणार ना, आपल्याच लोकांसाठी आहे." मी खोटं बोलत नव्हते, मला तसंच वाटत होतं. घाई झाली की माणसाला जे हवं तेच दिसतं.

मैदानावर मोठा मांडव होता आणि माणसं ओळीनं बसवली होती. सगळ्या नवऱ्यांना एकाच रंगाचे फेटे, सगळ्या नवऱ्यांच्या शेजारी एकाच रंगाच्या साड्या. कितीतरी नवऱ्यांच्या केसांत काळं म्हणून काही उरलं नव्हतं. उन्हानं बाप धापा टाकत होता. मी त्याला पाणी देत होते आणि भाषणं कधी संपतात याची वाट बघत होते. इतक्यात आईनं माझा हात दाबला आणि स्टेजकडे बोट केलं.

मागं भला मोठा फ्लेक्स होता. त्यावर चौक छापला होता. मी बघितलं तर कोपऱ्यात पिल्लांना घेऊन चाललेली कोंबडी. तो आईचा होता. दुकानात कुणीतरी फोटो काढून नेला असणार. आणि मधल्या रिकाम्या जागेत, जिथं देवी असायला हवी तिथं, प्रमुख पाहुण्यांचा हात जोडलेला फोटो.

मला हसू आलं, बापालाही आलं. तो म्हणाला, "बघ, तुझ्या चौकात कोण येऊन बसलाय." आई हसली नाही. हार घातले, मंगळसूत्र बांधलं, फोटो निघाले, तांब्यापितळेची भांडी मिळाली. येताना जीपमध्ये ती मांडीवर भांडी घेऊन बसली होती. चारोटी नाका आल्यावर बोलली, "हे लगीन नाय."

मला संताप आला. उन्हातान्हात मी सगळं केलं होतं, बापाला सांभाळून नेलं होतं. म्हटलं, "दाखला आहे हातात. आता काय देवाची सही पाहिजे?" आई म्हणाली, "हो."

पाड्यातली धवलेरी आमच्या चार घरं पलीकडे राहते. मी तिला आजी म्हणते. सगळं गाणं पाठ असलेली आमच्या बाजूला आता ती एकटीच उरलीय. ऐकणाऱ्या पोरी आहेत, पण गाणं शेवटपर्यंत कुणाला येत नाही. आईला घेऊन मी तिच्याकडे गेले, मनात आशा होती की म्हातारी म्हणेल, चालेल. तिनं सगळं ऐकून घेतलं. फ्लेक्सचं सांगितल्यावर तिनं तपकिरीची चिमूट तशीच हातात धरली.

"त्या बाप्याला देवी करून लगीन लावलं तुम्ही?"

"आजी, छापील होता तो."

"छापील असूं दे नाय तर जिता असूं दे. देवी आली का?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कोर्टाला चालल पोरी तुझा कागद. तो सांभाळून ठेव, कामाला येल. पण हिनं भिंतीला हात लावायचा नाय."

मी भांडले. म्हटलं, जिनं आयुष्यभर तुमचं पीठ वाटलं तिच्यासाठी एवढं करता येत नाही? म्हातारी शांत होती. "एवढं करायलाच तर मी बसलेय. घरी मांडव घाला. मी येतें. मला काय देऊं नका. पण गाणं पुरं होईल, तोडून मोडून नाय."

परत येताना आई जवळजवळ धावत होती.

मग घरी लग्न ठरलं, माझ्या लग्नाच्या थोडं आधी. पाड्यानं हात लावला. कुणी तांदूळ आणले, कुणी बांबू, कुणी ताडीचं बघितलं. ज्या ज्या घरी आईनं पीठ वाटलं होतं त्या घरांनी लाज राखली, हे मला म्हटलंच पाहिजे. पण माझं लक्ष मांडवात नव्हतं. बापाला रात्रंदिवस उशीला टेकवून ठेवावं लागत होतं. कासाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दम वाढला तर वाट बघू नका, घेऊन या. धवलेरीचं गाणं किती लांब असतं ते मला माहीत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली होती. मी एका जीपवाल्याला सांगून ठेवलं, गाडी दिवसभर सडकेला उभी कर.

चौक काढायला शेजारच्या दोन सवासणी आल्या. एक म्हातारी, तिची नजर गेलेली. दुसरी तरुण, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, काडी कशी धरायची तेही तिला माहीत नव्हतं. हळद लावून आत बसवलेली आई सारखी मान उंच करून बघत होती. बाहेरून कुणीतरी वाटलेलं पीठ आत आलं तेव्हा तिला राहवेना. "पाणी जास्ती झालं गं त्यात." सगळ्या बायका हसल्या. "नवरीनं बोलायचं नाय," म्हातारी सवासीण म्हणाली. चौक वाकडा झाला. एक बाजू खाली उतरली होती, झाडं आडवी पडल्यासारखी दिसत होती. पण मध्ये देवी होती. आईनं तो कापड टाकायच्या आधी डोळे भरून पाहिला आणि मला म्हणाली, "चांगला झालाय." ती मनापासून म्हणत होती.

दुपार कलल्यावर बापाला धरून आणलं. कणगीला टेकवून बसवला, माझ्या मामानं मागून गुडघ्याचा आधार दिला. आई शेजारी. धवलेरीनं डोळे मिटले आणि गाणं सुरू केलं.

पहिल्यांदा सगळं ठीक होतं. मला वाटलं, निभावेल. बापानं मला डोळ्यांनी खूणही केली, बघ कसा बसलोय. मग गाणं लांबत गेलं. देवी निघाली, वाटेत थांबली, पुन्हा निघाली. म्हातारीचा आवाज एकसारखा, ना वर ना खाली. बापाची मान हळूहळू पुढं झुकायला लागली. त्याचा प्रत्येक श्वास मला गाण्यातून वेगळा ऐकू येत होता, शिट्टी वाजल्यासारखा. ओठ काळसर दिसत होते. मी सरकत धवलेरीजवळ गेले आणि तिच्या कानात म्हटलं, "आजी, आटपतं घ्या." तिनं डोळे उघडले नाहीत. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण एक शब्द तिनं गाळला नाही.

मी आईकडे पाहिलं. तिची नजर कापडावर होती. तिला सगळं ऐकू येत होतं. मला माहीत आहे, कारण तिचं मनगट बापाच्या मुठीत होतं आणि तो ते गच्च दाबत होता. "बस," तो म्हणाला. त्याला पुढचं बोलायला तीनदा श्वास घ्यावा लागला. "होऊं दे. थोडंच राहिलंय."

थोडं राहिलेलं नव्हतं. हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आई उठली.

आमच्यात नवरी गाण्यातून उठत नाही. बायका एकदम ओरडल्या, कुणीतरी तिचा पदर धरला. तिनं पदर सोडवला. "याला उचला," ती मामाला म्हणाली. "जीप सडकेला आहे." धवलेरी थांबली. बाप रागानं बघत होता, त्याला ओरडायचं होतं पण हवा नव्हती. "बस ना गं," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. आईनं त्याच्या काखेत हात घातला आणि म्हणाली, "तू जगलास तर बघू."

जीपमध्ये त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. हळदीनं माखलेले तिचे हात त्याच्या छातीवर. चारोटी नाक्याला ट्रक अडकले होते, जीपवाला हॉर्न वाजवत होता, आणि मी देवाला नाही, ट्रकवाल्यांना हात जोडत होते. कासाच्या रुग्णालयात त्याला लगेच ऑक्सिजन लावला. संध्याकाळी त्याच्या ओठांचा रंग थोडा परत आला. वॉर्डातल्या बायका हळद लावलेल्या म्हाताऱ्या नवरीकडे बघत होत्या. एकीनं विचारलं, "कुणाचं लग्न आहे?" आई म्हणाली, "पोरीचं."

धवलेरी दुसऱ्या दिवशी वडापच्या जीपमधून आली. बापाच्या पायाशी बसली. मी आधीच भांडणाच्या तयारीत होते, पण तिनं आईचा हात हातात घेतला. म्हणाली, "कापड काढूं नका, चौक पुसूं नका. देवी अर्ध्या वाटेवर आहे. हा भिंतीसमोर बसल तेव्हां मी उरलेलं म्हणीन."

"आणि तोवर?" मी विचारलं.

"तोवर तशीच."

बाप जगला. पण बसायचं नाव नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, आणि किती ते आत्ता सांगता येत नाही. इकडे माझ्या लग्नाचा दिवस जवळ आला. हॉल ठरलेला होता, पत्रिका छापलेल्या होत्या. होणारी सासू म्हणाली, पेंटरला सांगितलंय, तुम्ही काळजी करू नका. आईही तेच म्हणाली. "कुणीपण काढूं दे चौक. तू उरकून घे. माझ्यासाठी थांबू नको."

मी हट्टाला पेटले. आईचा हात माझ्या भिंतीला लागल्याशिवाय मी चौकासमोर बसणार नाही, असं मी सरळ सांगून टाकलं. सासू रडली, मग ओरडली. हॉलवाल्यानं पैसे परत दिले नाहीत, ते तिनं मला आजवर ऐकवलंय आणि पुढंही ऐकवेल. माझा माणूस मात्र शांत होता. म्हणाला, "पुढं ढकललं तर तुझ्या बाबांच्या तब्येतीपायी किती ढकलणार? चल तशीच. माझी आजी पण तशीच आली होती." आणि वैशाख संपता संपता मी एक पिशवी घेऊन आशागडला नांदायला गेले. कॉलेजात ज्या गोष्टीची मला लाज वाटायची तीच मी सज्ञान, बी.ए. पास, स्वतःच्या पायांनी केली. वाईट वाटलं नाही. उलट थोडी मिरवलेच. मला वाटलं, आईसाठी मी काहीतरी मोठं केलंय.

ते उतरलं जेठात. सासरच्या गल्लीत एका घरी लग्न होतं. मी पीठ वाटायला बसले. आईनं शिकवलं तसं वाटलं, बायकांनी कौतुक केलं. वाडगा घेऊन मी उठले आणि बोलता बोलता आत निघाले. उंबऱ्यावर एका म्हातारीनं मला थांबवलं. आवाजात काही वाईट नव्हतं, तिनं नुसतं विचारलं, "तुझं लगीन झालंय ना गं?" मी वाडगा तिच्या हातात दिला आणि अंगणात येऊन बसले. आतून हसणं ऐकू येत होतं. तेव्हा मला कळलं की आईला अंगण कधीच आवडत नव्हतं.

भादव्यात आई मला भेटायला आली. पिशवीत वाल, काकडी आणि एक मोठी दुधी. बाप आता घरी आहे, खाटेवर टेकून थोडा वेळ बसतो, भिंतीपर्यंत जात नाही. चौकावरचं कापड तसंच आहे. पावसानं भिंतीला ओल आलीय, खालची रेघ फुगलीय, आई रोज कापड न उचलता हात लावून बघते. हे सगळं तिनं स्टेशनाकडे जाणाऱ्या सडकेवर उभ्याउभ्याच सांगितलं. घरात यायला तयार नव्हती.

"आत ये ना," मी म्हटलं.

"कुठल्या नात्यानं येऊं?" ती म्हणाली. मग तिचा बांध फुटला. ती रागावली की ओरडत नाही, हळू बोलते. "मी उठले ती तुझ्या बापाचा जीव वाचवायला. तू कशाला उठलीस? तुला भरलेल्या मांडवातनं कुणी उठवलं?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी नको होतं गं हे. मला एवढंच नको होतं." ती पदरानं नाक पुसत होती. "मी पीठ वाटत अंगणात जन्म काढला तो चालला. मला वाटलं, माझी पोर तरी आत बसेल."

मी म्हटलं, "दिवाळीनंतर बा बसेल भिंतीसमोर. मग तू काढ माझा चौक."

"आणि नाय बसला तर?"

जीप आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आतली माणसं सरकून तिला जागा करत होती. तिनं दुधी माझ्या हातात दिली, पायरीवर एक पाय ठेवला आणि मागं वळली.

"तुला पोरगी झाली, तर तिला कुठं बसवशील?"

जीप गेल्यावर मी तिथंच उभी राहिले. मला चौथा महिना लागलाय, हे सांगायलाच मी तिला बोलावून घेतलं होतं, आणि ते माझ्या तोंडून निघालं नाही.